लाल शाई वाचू नये

देऊळगाव राजा
दि. ११ जून १९६६

चि. कोकिळा हिस अनेक आशीर्वाद.

वामनच्या वर्षश्राद्धानंतर आपला पत्रव्यवहार राहिला नाही, त्यात माझीही चूक आहे. धाकट्या भावाच्या मागे त्याच्या मुलीची विचारपूस करणे माझे काम होते.

तू बुलढाण्यास छापखान्यात प्रुफे तपासतेस असे कळले. घराण्यातल्या मुलीने खिळ्यांच्या काळ्या धुरळ्यात बसावे हे मला तेव्हा आवडले नव्हते. आता माझेच काम तुझ्यापाशी येऊन पडले, तेव्हा गप्प बसतो.

नायब तहसीलदारीतून निवृत्त झाल्यापासून सात वर्षे मी आपल्या देशमुख घराण्याचा कुळवृत्तांत लिहीत आहे. नऊ पिढ्या, चार शाखा. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या दोनदा पालथ्या घातल्या. पुस्तक तुझ्याच छापखान्यात द्यावे आणि बालाजीच्या यात्रेत सर्व भाऊबंद जमतात तेव्हा प्रसिद्ध करावे, असे ठरले आहे. शुद्धलेखन नव्या नियमांप्रमाणे हवे. माझे जुने वळण, तेव्हा तू डोळ्यांत तेल घालून बघ.

एक गोष्ट बजावतो. काळ्या शाईत लिहिला आहे तो मजकूर. लाल शाईत आहेत त्या खिळे जुळवणाऱ्याला दिलेल्या सूचना, म्हणजे कुठे जाड ठसा, कुठे नवे पान, कुठे काय गाळायचे. त्या छापायच्या नाहीत आणि तुला तपासायच्याही नाहीत. पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहे की तपासनीसाने लाल शाई वाचू नये.

तुझ्या बाबांची शाखा अर्थातच आहे. मोबदला काय घेशील ते कळव.

तुझे मोठे बाबा,
शेषराव देशमुख


बुलढाणा
२४ जून १९६६

ती. मोठे बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र आणि पहिला गठ्ठा पोचला. काम करते. मोबदला नको, त्याऐवजी एक मागते.

पत्र आईला वाचून दाखवलं. 'वामनची शाखा आहे' इथं तिनं मला थांबवलं आणि ते वाक्य परत वाचायला लावलं. मग बराच वेळ तव्यावरची भाकरी तशीच राहिली. शेवटी म्हणाली, "माह्यं नाव छापतीन का वो ते?"

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते. बाबांची पहिली बायको अकरा महिन्यांत गेली. त्यानंतर त्यांनी आईशी पाट लावला. ती विधवा होती, एवढाच तिचा गुन्हा. बाबांनी देऊळगाव सोडलं, इथं कोर्टात कारकुनी केली, आणि आई तीस वर्षं त्यांच्याबरोबर राहिली. त्या तीस वर्षांत देऊळगावच्या घराचा उंबरा तिला कुणी ओलांडू दिला नाही. बाबांच्या तेराव्यालासुद्धा ती ओसरीच्या खाली बसली होती. माझ्या दोन सोयरिकी त्या पाटापायीच मोडल्या, पण त्याचं मला आता काही वाटत नाही. आईचं वाटतं. ती सत्तरीला आली, दमा आहे. पुस्तकात बाबांच्या नावापुढं 'पत्नी रुखमाबाई' आणि खाली 'कन्या कोकिळा' एवढं असू द्या. माझं काम त्यात फिटलं.

आता एक गंमत. आमचे जुळारी पुंजाजी पन्नाशीचे आहेत, हात विजेसारखा. पण पहिल्या प्रुफात आपल्या मूळ पुरुषाचं नाव त्यांनी असं जुळवलंय: 'रंगोजी येथून नवे पान सुरू करा देशमुख'. तुमची लाल सूचना नावाच्या मधोमध घातली आहे. आणि खरं सांगायचं तर पहिल्या वाचनात माझ्याही नजरेतून ते सुटलं. शब्द सगळे शुद्ध होते ना. अशुद्ध शब्दाला नजर अडते, शुद्ध असला की डोळा पुढं सरकतो, मग तो तिथं असायचा की नव्हता हे कोण बघतं. दुसऱ्या वाचनात काढलं.

आईचा नमस्कार.

तुमची पुतणी,
कोकिळा


देऊळगाव राजा
दि. ६ जुलै १९६६

चि. कोकिळा हिस आशीर्वाद.

रंगोजीबाबांचे वाचून हसू आले आणि पाठोपाठ घामही फुटला. नऊ पिढ्यांपूर्वी तलवार गाजवलेल्या पुरुषाला तुमच्या पुंजाजीने नवे पान सुरू करायला लावले. त्याला तंबी दे.

तंबी तुलाही आहे. परत आलेल्या हस्तलिखितात माझ्या लाल सूचनांचे ऱ्हस्वदीर्घ तू सुधारले आहेस. मी काय सांगितले होते? जुळाऱ्याशी मी काय बोलतो त्यात तपासनीसाने पडू नये. घरातली बायामाणसे जशी बैठकीतल्या बोलण्यात पडत नाहीत, तसेच ते.

तुझ्या मागणीबद्दल. रुखमाबाईंचे नाव मी माझ्या हाताने लिहिले आहे, पान एक्याऐंशी, आणि खाली तुझेही. त्यांना खुशाल सांग. माणूस म्हातारा झाला की जुन्या अढ्या सैल होतात. वामन माझ्या पाठचा होता. त्याला मी शेवटी भेटायला आलो नाही, हे मला अजून टोचते.

दुसरा गठ्ठा जरा उशिराने येईल. चारही शाखांची बैठक उकंडरावांच्या घरी आहे. हस्तलिखित तिथे सर्वांना दाखवायचे आहे. आज आपल्या भाऊबंदांत त्यांचाच शब्द चालतो, त्यांची नजर एकदा फिरली की मी पाठवतो.

शेषराव


बुलढाणा
१९ ऑगस्ट १९६६

ती. मोठे बाबांना नमस्कार.

दुसरा गठ्ठा आला. आज पान एक्याऐंशी हातात पडलं.

आधी पुंजाजींचं सांगते, कारण प्रत्येक प्रुफात तुमच्या लाल सूचना मजकुरात येतात आणि मला एकेक वेचून काढाव्या लागतात. मालकासमोर त्यांना विचारलं तर खाली मान घालून जुळवत राहिले. बाहेर चहाच्या टपरीवर मात्र त्यांनी कबूल केलं. त्यांना लाल आणि काळा वेगळा दिसत नाही. जन्मापासून. दोन्ही शाया त्यांना काळ्याच. म्हणाले, "बाई, मालकाले सांगजा नका. लिहिलेलं दिसते ते मी जुळवतो, रेघ मारलेली दिसते ते सोडतो. आजवर कोनी दोन शायांचं आनलंच नव्हतं." मी कुणाला सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. त्यांचं घर त्या हातांवर चालतं. सूचना काढायचं काम माझं, ते मी करते आहे.

आता पान. काळ्या शाईत, तुमच्या हातचं, सुबक: 'वामनराव बळवंतराव देशमुख. प्रथम पत्नी सुभद्राबाई. द्वितीय पत्नी रुखमाबाई. कन्या कोकिळा.' त्यात 'द्वितीय'पासून पुढं सगळ्यावर लाल रेघ. 'प्रथम' या शब्दावरही. आणि शेजारी लाल शाईत: 'हे गाळा. येथे शाखा बंद.'

मी लाल शाई वाचली, माझं चुकलं. पण रेघ माझ्याच नावावर होती, डोळे कुठं मिटू?

बैठकीत कुणी तुमच्या नकळत ही रेघ मारली असेल, असं मी धरून चालते. अक्षर तुमच्यासारखं वाटलं, पण लाल शाईत सगळ्यांची अक्षरं सारखीच दिसतात. तेव्हा उलट टपाली कळवा की रेघ रद्द, म्हणजे मी मूळ ओळ जुळवायला देते. घाई अशासाठी की तुमचं जुलैचं पत्र मी आईला वाचून दाखवलंय. तिनं शेजारच्या सिंधूताईंकडे आणि पुढं साऱ्या गल्लीत साखर वाटली. चष्मा करून घेते म्हणाली. तिला अक्षर येत नाही, तरी चष्मा हवाय.

कोकिळा


देऊळगाव राजा
दि. २ सप्टेंबर १९६६

चि. कोकिळा हिस,

लाल शाई वाचू नये असे तुला दोनदा सांगितले होते. वाचली नसतीस तर आज हे लिहायची वेळ माझ्यावर आली नसती.

रेघ मी मारली. दुसऱ्या कुणी नाही. ऐक. उकंडरावांच्या पुष्पाची सोयरीक जालन्याकडच्या फार मोठ्या घरी ठरत आली आहे. त्या मंडळींनी स्वतः होऊन विचारले की तुमचा कुळवृत्तांत छापला जातो आहे, आम्हाला वाचायचा आहे. ते पाटाचे घर शाखेत बघतील तर उठून जातील. बैठकीत सगळे माझ्याकडे बघत होते. उकंडराव म्हणाले, एका ओळीसाठी माझ्या मुलीचे नशीब पणाला लावता काय? लेखणी समोर होती, ती लालच होती.

तू शिकलेली आहेस. एक मुलगी तिकडे उजवली जाते आणि इकडे कुणाचे काही हिरावले जात नाही, हे तुला समजेल. तुझी आई वामनची बायको नव्हती असे मी कुठे लिहिले? फक्त लिहिले नाही. लिहिणे न लिहिणे हा ग्रंथकाराचा अधिकार आहे.

राहता राहिल्या रुखमाबाई. त्यांना वाचता येत नाही, हे तूच लिहितेस. पुस्तक त्यांच्या हातात दे, एक जागा दाखव आणि सांग की इथे नाव आहे. त्यांचे समाधान होईल आणि आपले काम अडणार नाही. यात पाप आहे असे मला वाटत नाही.

काळ्या शाईचे शुद्धलेखन बघ, बाकी माझ्यावर सोड. यात्रेला सात आठवडे उरले आहेत.

शेषराव


बुलढाणा
३० सप्टेंबर १९६६

श्री. शेषराव देशमुख यांस,

कुळवृत्तांताचा शेवटचा फर्मा काल छापून झाला. बांधणी सुरू आहे. तीनशे प्रती यात्रेआधी मोटारीने पोचत्या होतील, अड्ड्यावर माणूस ठेवावा.

काळ्या शाईचं शुद्धलेखन बिनचूक आहे. एकही ऱ्हस्वदीर्घ चुकलेला सापडणार नाही. पान एक्याऐंशीच्या लाल शाईला, आपण बजावल्याप्रमाणे, मी हात लावलेला नाही.

को. वा. देशमुख


देऊळगाव राजा
दि. ३ नोव्हेंबर १९६६

कोकिळा,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

पुस्तके आली तेव्हा मी फक्त मुखपृष्ठ आणि माझी प्रस्तावना पाहिली, कारण तुझ्यावर विश्वास होता. यात्रेत मंडप भरलेला. जालन्याकडची मंडळी पुढच्या सतरंजीवर. प्रती वाटल्या. त्यांच्यातले एक वृद्ध गृहस्थ पाने चाळता चाळता थांबले आणि मोठ्याने वाचू लागले: 'वामनराव बळवंतराव देशमुख. पत्नी सुभद्राबाई. हे गाळा. येथे शाखा बंद.'

त्यांनी चष्मा काढून मला विचारले, देशमुख, काय गाळलं?

मी म्हणालो, छापखान्याची चूक. पण मागून कुणी तरी हसले. मग आपल्याच भाऊबंदांपैकी एकाने, नाव सांगत नाही, सगळी कथा सांगितली. पाट, बुलढाणा, तू, तुझी छापखान्यातली नोकरी. जी गोष्ट लोक विसरत चालले होते ती त्या दिवशी यात्रेत घरोघरी गेली. तुझ्या आईचे नाव छापले असते तर कदाचित कुणी वाचलेही नसते. जालन्याची मंडळी जेवली, विचार करून कळवतो म्हणाली आणि गेली. आज दहा दिवस झाले, पत्र नाही. उकंडराव माझ्याशी बोलत नाहीत. सात वर्षांची माझी मेहनत लोक एक्याऐंशीव्या पानावर उघडतात आणि मिटतात.

दोन गोष्टी ताबडतोब हव्यात. एक, त्या ओळीवर चिकटवायला कोऱ्या कागदाच्या तीनशे पट्ट्या कापून पाठव. वाटलेल्या प्रती मी घरोघर फिरून मागून घेईन. दोन, त्या आंधळ्या पुंजाजीबद्दल मी तुझ्या मालकाला लिहितो आहे. ज्याला शाई दिसत नाही त्याने खिळ्यांना हात लावू नये.

तू हे मुद्दाम केलेस की नजरचुकीने झाले, तेवढे खरे सांग.

शेषराव देशमुख


बुलढाणा
२१ नोव्हेंबर १९६६

मोठे बाबा,

मुद्दाम केलं.

मालकाला पुंजाजींबद्दल लिहू नका. त्यांनी रेघ मारलेलं सोडलं आणि लिहिलेलं जुळवलं, नेहमीप्रमाणे. शेवटचं प्रूफ घेऊन ते माझ्याकडे आले होते. त्यांना लाल काळं कळत नाही, पण वाचलेलं कळतं. विचारलं, "बाई, हे तुमच्या बाबांचं पान हाये ना? हे ठेवू का काढू?" मी म्हटलं, ठेवा, शुद्ध आहे. ते प्रूफ घेऊन गेले. दीडशे पानांतून तुमच्या सगळ्या सूचना मी वेचल्या आणि तेवढी एक ठेवली. हे मी मालकापुढंही कबूल केलं. येत्या एक तारखेपासून मी तिथं कामाला नाही. पुंजाजी आहेत.

मला तुमची फजिती हवी होती. तुम्ही जे चारचौघांच्या बैठकीत केलंत ते तीनशे घरांत वाचलं जावं, असं वाटत होतं. तसं झालं. तुमचं पत्र वाचून मला दोन दिवस फार बरं वाटलं, हेही खरं सांगते.

आता आईचं.

तीनशेतलं एक पुस्तक मी ठेवून घेतलं होतं, ते यात्रेच्या आठवड्यातच घरी आणलं. आईनं हात धुतले, नवा चष्मा लावला, पाटावर बसली. 'कुठी हाये?' विचारलं. तुम्ही शिकवलं होतंत तसंच मी केलं. तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. 'हे गाळा. येथे शाखा बंद.' सांगितलं, हे तुझं नाव, हे त्याच्याखाली माझं. तिनं विचारलं, एवढं लांब काऊन? मी म्हटलं, पत्नी असं लिहिलंय ना आधी. ती त्या शब्दांवरून बोट फिरवत राहिली. मला वाटलं होतं, तुमचा सल्ला तुमच्याच तोंडावर मारतेय. पण खोटं मीच बोलत होते आणि ज्या शब्दांवर तिचं बोट होतं ते मीच छापू दिले होते.

परवा नळावर सिंधूताई भेटल्या. म्हणाल्या, तुमची आई पुस्तक घेऊन आली होती, आमच्या सातवीतल्या पोरीला म्हणाली, माह्यं नाव वाचून दाखव. पोरीनं वाचलं. आईनं परत वाचायला लावलं. मग आणखी एकदा. तीनदा. सिंधूताई मलाच विचारत होत्या की 'हे गाळा' म्हणजे काय वो बाई, कोनाले गाळा?

नुसतं नाव नसतं तर ती पोर शोधत राहिली असती, आई म्हणाली असती दुसऱ्या पानावर असेल. तिच्याकडे तेवढी जागा राहिली असती. ती मी ठेवली नाही. तुम्ही लाल शाईत लिहिलंत ते फक्त जुळाऱ्यासाठी होतं, आईला ते ऐकू यायचं नव्हतं. तिच्या कानांपर्यंत मी पोचवलं. तुमच्यावर मी चिडलेलीच आहे, ते काही कमी झालेलं नाही. पण आता रोज आधी स्वतःवर चिडते, मग तुमच्यावर.

पट्ट्या कापून सोबत पाठवते. दोनशे नव्याण्णव आहेत. आमच्या प्रतीला नको.

नळावरून घरी आले तेव्हा आई ज्वारी निवडत होती. पुस्तक फडताळात, देवाशेजारी. मी काही विचारलं नाही. थोड्या वेळानं सुपावरून मान वर न करता तीच म्हणाली, "सिंधूच्या पोरीनं वाचून दाखोलं मले. नाव बरोबर हाये माह्यं." मी घागर खाली ठेवली. मग म्हणाली, "तुह्यं बी हाये त्याच्या खालतं."

मी हो म्हटलं.

कोकिळा